खाटा वाढल्या, सिस्टर कुठून आणायच्या?

मागच्या महिन्यात विहारात रक्तदाब तपासायला बसले होते. एक आजी म्हणाल्या, "बाई, करोनासारखं परत काही आलं तर सरकार मैदानात दवाखाना उभा करंलच की." करेल, आजी. मंडप, खाटा, ऑक्सिजनच्या नळ्या आठ-दहा दिवसांत उभ्या राहतात. लंडनमध्ये राहिल्या होत्या. पुढे काय झालं ते वाचा.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, एनएचएस, करांच्या पैशांवर चालते. रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाला बिल येत नाही. २०२० साली करोनाची लाट आली तेव्हा लंडनच्या एक्सेल या प्रदर्शन केंद्रात नऊ दिवसांत नाइटिंगेल नावाचं रुग्णालय उभं केलं. ४ हजार खाटांपर्यंत वाढवता येईल एवढं मोठं. ३ एप्रिलला उद्घाटन झालं. पहिल्या लाटेत तिथे उपचार किती जणांवर झाले? ५४.

याचं एक कारण चांगलं होतं. जुन्या रुग्णालयांनी स्वतःच्याच अतिदक्षता खाटा वाढवल्या. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. नाइटिंगेलसाठी लागणाऱ्या नर्स त्याच जुन्या रुग्णालयांतून यायच्या होत्या, आणि तिथे त्या आधीच अपुऱ्या. साथ येण्याआधीच इंग्लंडमध्ये नर्सच्या सुमारे ४० हजार जागा रिकाम्या होत्या. नर्स नाहीत म्हणून रुग्ण नाकारले, अशा बातम्याही आल्या.

व्हेंटिलेटर म्हणजे बटण दाबलं की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. नळीत साचलेला कफ पुन्हा पुन्हा ओढून काढायचा, औषधांचे पंप सांभाळायचे, लघवी मोजायची, कुशी बदलायची. रुग्णाला पालथं झोपवायचं तर पाच-सहा माणसं लागतात. म्हणून एका रुग्णामागे एक नर्स हा तिथला नेहमीचा नियम. लाटेत तो सैल केला. अतिदक्षतेत तयार झालेल्या एका नर्सकडे सहापर्यंत रुग्ण आणि मदतीला इतर विभागांतले कर्मचारी, अशी मुभा दिली.

मग हे कर्मचारी मोकळे कसे झाले? १७ मार्च २०२० रोजी आदेश निघाला की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया किमान तीन महिने पुढे ढकला आणि ३० हजार खाटा रिकाम्या करा. ऑपरेशन थिएटरमध्ये अतिदक्षता विभाग सुरू झाले, तिथल्या नर्स तिकडे वळवल्या. लाट निभावली, पण कुणाचा गुडघा राहिला, कुणाचा हर्निया. उपचारासाठी थांबलेल्यांची यादी साथीआधी सुमारे ४५ लाखांची होती, ती २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. सगळा दोष करोनाचा नाही, मनुष्यबळाची जुनी कमतरताही त्यात आहे.

दुसऱ्या लाटेत मी इथे एका कोविड केंद्रात तीन महिन्यांच्या कंत्राटावर होते. एका रात्री ऑक्सिजनवरचे चौतीस रुग्ण आणि आम्ही दोघी. खाट रिकामी होती, तरी दारातल्या माणसाला "थांबा" म्हणावं लागलं, कारण घेतला असता तर बघणार कोण? लाट ओसरली, कंत्राट संपलं, आम्ही घरी. शिकलेले हातही आमच्याबरोबर घरी गेले. पुढच्या वेळी ते पुन्हा शून्यातून शोधणार.

तेव्हा नगरसेवक नव्या खाटांचा फलक लावतील, त्या दिवशी त्यांना सिस्टर किती ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही. आपल्या जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं नाव घालून एवढंच लिहा: नर्सची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत कंत्राटी किती, आणि अतिदक्षता विभागात रात्रपाळीला किती असतात. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज लिहायला अडचण आली तर रविवारी विहारात या, मी असते.