मडे स्नान : श्रद्धा, प्रतिष्ठा आणि कायदा

मंदिरातील एखादी प्रथा अनिष्ट आहे हे कशावरून ठरवायचे? भाविक ती स्वेच्छेने पाळत असतील, तर राज्यसंस्थेला त्यात हस्तक्षेप करता येतो का? कर्नाटकातील मडे स्नान या प्रथेच्या आधारे आपण या प्रश्नांचा विचार करू.

प्रथेचे स्वरूप

दक्षिण कन्नड जिल्ह्यातील कुक्के सुब्रह्मण्य हे नागपूजेसाठी प्रसिद्ध असलेले क्षेत्र आहे. महाराष्ट्रात जी चंपाषष्ठी खंडोबाच्या उत्सवामुळे परिचित आहे, त्याच सुमारास येथेही उत्सव भरतो. या काळात ब्राह्मणांच्या पंक्तीचे जेवण झाल्यावर त्यांच्या उष्ट्या पानांवरून इतर जातींचे भाविक लोळत जात. ‘मडे’ म्हणजे उष्टे. असे केल्याने त्वचारोग बरे होतात आणि सर्पदोष जातो, असा समज होता.

यातून होणारी हानी दुहेरी आहे. पहिली आरोग्याची. त्वचारोगाला कारण असते आणि उपचारही असतात. कुष्ठरोगसुद्धा बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नवस फेडण्यात वेळ गेला, तर आजार वाढतो. दुसरी हानी प्रतिष्ठेची. एका जातीचे उष्टे दुसऱ्या जातीला पवित्र मानायला लावणे म्हणजे जातीच्या उतरंडीला देवळात मान्यता देणे होय.

‘आम्ही स्वेच्छेने करतो’

प्रथेच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा, की कोणावरही सक्ती नाही. हा युक्तिवाद सहज झटकून टाकू नका, कारण लोळणाऱ्यांपैकी अनेकांची श्रद्धा खरी होती. पण पंक्तीत कोणी बसायचे आणि लोळायचे कोणी, हे जन्माने आधीच ठरलेले असेल, तर त्या इच्छेला स्वतंत्र निवड म्हणता येईल का?

संविधान काय सांगते?

अनुच्छेद 25 धर्मस्वातंत्र्य देतो; परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. त्याच अनुच्छेदाचा खंड 2 राज्याला समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मुभा देतो. 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालये ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ कोणता, हे तपासू लागली. 1961 च्या अजमेर दर्गा समिती खटल्यात न्या. गजेंद्रगडकर यांनी स्पष्ट केले, की काही प्रथा केवळ अंधश्रद्धेतून उगम पावून धर्माला मागाहून चिकटलेल्या असू शकतात. त्यांना तेच संरक्षण मिळेलच असे नाही.

न्यायालय, मठ आणि विधिमंडळ

2012 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे मधला मार्ग आला : उष्ट्या पानांऐवजी देवाला दाखवलेल्या नैवेद्याच्या पानांवर लोळावे. याला ‘एडे स्नान’ म्हणतात. या व्यवस्थेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुढे डिसेंबर 2014 मध्ये त्याच न्यायालयाने मडे स्नानालाही स्थगिती दिली. 2018 मध्ये उडुपीच्या श्रीकृष्ण मठाने आपल्याकडील या दोन्ही प्रथा स्वतःहून बंद केल्या. त्यांच्यावाचून मठातील पूजाअर्चा अडली नाही. प्रथा अत्यावश्यक आहे का, या प्रश्नाचे हे बोलके उत्तर आहे.

कर्नाटकाने 2017 मध्ये अमानुष प्रथा व जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. तो जानेवारी 2020 पासून लागू झाला. महाराष्ट्राने असा कायदा 2013 मध्येच केला होता. कर्नाटकाच्या कायद्यात उष्ट्या पानांवरून लोळण्याचा प्रकार घडवून आणणे हे निषिद्ध कृत्यांच्या यादीत आहे. म्हणजे कायद्याचा रोख मुख्यतः आयोजकांवर आहे. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना मात्र त्यातून वगळले आहे.

सारांश

कोणत्याही प्रथेकडे पाहताना तीन प्रश्न विचारा : तिच्यामुळे शरीराला किंवा प्रतिष्ठेला इजा होते का? ती इजा कोणाच्या वाट्याला येते? आणि ती प्रथा वगळली, तर उपासना उरते का? मडे स्नान थांबले. कुक्के येथील देवदर्शन आणि उत्सव आजही चालू आहेत.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखादी प्रथा निवडा आणि वरील तीन प्रश्नांच्या आधारे तिचे परीक्षण करा.