पडण्याची सोय

फ्रीस्टाइल मोटोक्रॉसच्या चित्रफिती पाहणारा माणूस एकच निष्कर्ष काढतो: ही पोरं जिवावर उदार झालेली आहेत. शंभरेक किलोची गाडी रॅम्पवरून सुटते, रायडर हवेत हँडल सोडतो, उलटा होतो आणि समोरच्या उतारावर चाकांवर उतरतो. हे पाहिल्यावर धाडसापलीकडे दुसरं काही सुचत नाही. पण या खेळाचा पंचवीसेक वर्षांचा इतिहास नीट लावून पाहिला, तर धाडसाने त्यातलं फार थोडं उलगडतं. धाडस २००० सालीही भरपूर होतं. तरीही त्या वर्षी जे कुणाला साधलं नाही, ते सहा वर्षांत दुपटीने साधलं. मधल्या काळात रायडरांचं काळीज मोठं झालं नव्हतं, बदलली होती ती पडण्याची जागा. या खेळाची प्रगती पडण्याच्या सोयीने घडवली आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवातीच्या करामतींना अशा सोयीची गरज नव्हती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी जेरेमी मॅकग्राने सुपरक्रॉसच्या शर्यतीत उडी घेताना एक पाय मागच्या मडगार्डवरून पलीकडे नेऊन परत आणला. हाच तो ‘नॅक-नॅक’. त्यातूनच शर्यतीपासून वेगळा, केवळ करामतींचा खेळ उभा राहिला. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स गेम्स या थरारक खेळांच्या स्पर्धेत पंधरा वर्षांच्या ट्रॅव्हिस पास्त्रानाने त्यातलं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हाच्या सगळ्या करामतींत गाडी आपल्या वाटेने सरळ जात असे आणि शरीर तेवढं तिच्यापासून दूर जाऊन परत येई. ‘सुपरमॅन’मध्ये पाय मागे ताणायचे, ‘हील क्लिकर’मध्ये हातांवरून पुढे नेऊन टाचा जुळवायच्या. अंदाज चुकतोय असं वाटलं, तर करामत अर्धवट सोडून सीटवर बसता येतं. आज थोडं, उद्या आणखी थोडं, असा सराव करता येतो.

बॅकफ्लिपमध्ये, म्हणजे गाडीसकट मागे घेतलेल्या कोलांटीत, ही मुभा नाही. अर्धा बॅकफ्लिप म्हणजे डोक्यावर पडणं. रॅम्प आणि समोरचा उतार यांच्यामधलं अंतर साधारण ७५ फूट, म्हणजे २३ मीटर असतं. हिशेबासाठी सुटण्याचा आणि उतरण्याचा कोन ४५ अंश धरला, तर गाडीला ताशी ५४ किलोमीटरचा वेग लागतो आणि हवेत जेमतेम दोन सेकंद मिळतात. गाडी नाक वर करून सुटते आणि नाक खाली करून उतरते, त्यामुळे बॅकफ्लिपला पुरे ३६० अंश फिरावं लागत नाही, २७० पुरतात. पुढच्या बाजूने उलटायच्या फ्रंटफ्लिपला मात्र त्याच दोन सेकंदांत ४५० अंश फिरावं लागतं, तेही रॅम्पच्या बाकाने दिलेल्या उलट्या गिरकीच्या विरोधात. फ्रंटफ्लिप इतका उशिरा का आला, याचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. रॅम्पची कड सुटली की गिरकीचा साठा ठरून जातो. त्यानंतर रायडरच्या हाती दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे अंग आवळणं किंवा पसरणं, आणि दुसरी म्हणजे मागचं चाक. हवेत रेस दिली की चाक पुढे जोरात फिरतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचं नाक वर उठतं. मागचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं. गिरकी कमी पडतेय असं वाटलं तर रेस, जास्त होतेय असं वाटलं तर ब्रेक, आणि ब्रेक दाबताना इंजिन बंद पडू नये म्हणून क्लचही धरायचा. हे सगळं जग उलटं दिसत असताना, सेकंदाच्या एका तुकड्यात. एवढं कसब चुकत-चुकतच येतं. प्रश्न इतकाच, की चुकायचं कुठे?

जुलै २००० मध्ये प्रॉव्हिडन्स इथल्या ग्रॅव्हिटी गेम्समध्ये कॅरी हार्टने मोठ्या गाडीवर बॅकफ्लिप मारला, तेव्हा चुकण्याची जागा म्हणजे स्पर्धेचं मैदानच होतं. गाडी फिरली, टेकली आणि हार्ट तिच्यावरून फेकला गेला. तो फ्लिप धरायचा की नाही, यावर बराच वाद झाला. पुढल्या वर्षी फिलाडेल्फियात त्याने पुन्हा प्रयत्न केला. उंचावर अंदाज चुकला, त्याने गाडी सोडून दिली आणि हाडं मोडून घेतली. एप्रिल २००२ मध्ये ओरेगॉनमध्ये केलेब वायटने बॅकफ्लिप मारून गाडी सुखरूप टेकवली, ती लाकडाच्या भुशाच्या मऊ ढिगावर. याच सुमारास फोम पिट आला. खड्डा किंवा मोठा हौदा स्पंजच्या ठोकळ्यांनी काठोकाठ भरायचा, त्याच्या तोंडाशी रॅम्प लावायचा, आणि गाडीसकट आत जायचं. ही कल्पना जिम्नॅस्टिक्समधली. आपल्या तालमीतला तांबड्या मातीचा हौदा खणून, तेल-ताक घालून मऊ राखतात, त्यामागचा विचार हाच आहे. फोम पिटमधला सराव मात्र मुळीच आरामाचा नसतो. प्रत्येक उडीनंतर गाडी साखळी लावून क्रेनने वर काढावी लागते. सायलेन्सर तापलेला असतो, टाकीत पेट्रोल असतं आणि भोवती स्पंज, त्यामुळे आगीची धास्ती कायम. पण माणूस उठून पुन्हा रॅम्पकडे जाऊ शकतो. ४ ऑगस्ट २००६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पास्त्रानाने स्पर्धेत दुहेरी बॅकफ्लिप उतरवला, त्याला त्याच्या घरच्या फोम पिटमधला सराव कारणीभूत होता. २०११ मध्ये जॅक्सन स्ट्राँगने फ्रंटफ्लिपवर एक्स गेम्सचं सुवर्ण नेलं. २०१५ मध्ये जॉश शीहानने तिहेरी बॅकफ्लिप मारला तो पास्त्रानाच्याच मेरिलँडमधल्या आवारात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मऊ जागा मिळाली की माणूस आणखी धोका पत्करतो. स्पंजमध्ये सगळंच जमल्यासारखं वाटतं, कारण गाडी चाकांवर टेकली असती की नाही, हे तिथे कळतच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये कोस्टा रिकात जेरेमी लस्क हा चोवीस वर्षांचा रायडर बॅकफ्लिपमध्ये पडून दगावला. आदल्याच वर्षी त्याने एक्स गेम्सचं सुवर्ण जिंकलं होतं. जानेवारी २०१३ मध्ये स्नोमोबाइलवर बॅकफ्लिप मारताना केलेब मूर गेला, आणि त्याच वर्षी एक्स गेम्सने मोटोक्रॉसचीही ‘बेस्ट ट्रिक’ स्पर्धा काही काळासाठी बंद केली. आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो: स्पंज खोटा दिलासा देतो. म्हणून तर स्पंज आणि माती यांच्यामध्ये पायऱ्या आल्या. उतारावर जाड गादी अंथरली गेली, पुढे हवेने फुगवलेले उतार आले. त्यांच्यावर गाडी खरोखर टेकते, चूक लगेच कळते, आणि ती चूक हाडांवर निभावते. मऊ जागेमुळेच हे मृत्यू ओढवले, हा भाग मात्र मला पटत नाही. लस्कचा घात झाला ती बॅकफ्लिपमधली ‘हार्ट अटॅक’ नावाची करामत त्याच्या ओळखीचीच होती. तो नवं काही शिकत नव्हता, कार्यक्रमात सादर करत होता. सरावाच्या जागी मऊपणा आला आणि सादरीकरणाची जागा कडकच राहिली, ही तफावत मला जास्त घातक वाटते. तिचा जाब आयोजकांना विचारायला हवा, फोम पिटला नव्हे.

सोय वाढली की खेळाचं तेज जातं, असंही म्हटलं जातं. फ्रेंच रायडर टॉम पाजेसकडे पाहून हे मत टिकत नाही. त्याच्या ‘व्होल्ट’मध्ये तो गाडी पूर्ण सोडून हवेत स्वतःभोवती फिरतो आणि तीच गाडी पुन्हा पकडतो. ‘बाइक फ्लिप’मध्ये तो सरळ राहतो आणि खालची गाडी एकटी गिरकी घेते. हे निव्वळ निधड्या छातीने सुचणारं नाही. असंख्य फसलेल्या उड्या पचवता आल्या, तरच अशी कल्पना आकार घेते.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. ती शर्यत होती, करामतींचा खेळ नव्हे. पण मॅकग्राही शर्यतीतूनच आला होता, तेव्हा आपल्या मुलांना हवेतल्या करामतींची ओढ लागली तर नवल नाही. लोखंडी रॅम्प ट्रकवर घालून कुठल्याही शहरात एका दिवसात उभा करता येतो. स्पंजचा हौदा, क्रेन आणि फुगवलेला उतार यांना मात्र कायमची जागा, भांडवल आणि वर्षानुवर्षं देखभाल लागते, आणि तिकिटं विकायला त्यांचा काही उपयोग नसतो. त्यामुळे जिथे रॅम्प आधी येईल आणि हौदा मागाहून, तिथे २००० सालचं प्रॉव्हिडन्स पुन्हा घडेल.