पूर्वरंग विसरलेला उत्तररंग

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यान कितीही रंगले, तरी पूर्वरंगात मांडलेल्या विषयाला ते जाऊन भिडले नाही, तर जुनी श्रोतेमंडळी उठताना एकमेकांकडे पाहतात. साखरखेर्डा हे प्रल्हाद महाराज रामदासींचे गाव. इथे कीर्तने ऐकत वाढलेल्या माणसाच्या हाती ही मोजपट्टी आपोआप येते. तीच मी या लेखात एका सुपरहिरोपटाला, ‘क्रिश ३’ला, लावून पाहणार आहे.

राकेश रोशन यांचा हा चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी, धनत्रयोदशीला प्रदर्शित झाला. ‘कोई... मिल गया’ (२००३) आणि ‘क्रिश’ (२००६) यांच्यानंतरचा हा या मालिकेतला तिसरा चित्रपट. गल्ला त्याने भरपूर जमवला. त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना होते. तरी अनेक समीक्षकांनी त्यातली हॉलिवूडची उसनवारी दाखवून दिली, आणि पहिल्या चित्रपटावर जीव लावलेले बरेच प्रेक्षक हिरमुसले. ही निराशा नेमकी कशाची होती?

पुढचे भाग फसण्याचे एक कारण पैसा असते. १९७८च्या ‘सुपरमॅन’ने प्रेक्षकांना माणूस उडतो हे पटवले होते. १९८७ साली चौथा भाग आला, तेव्हा खर्चाला मोठी कात्री लागली होती. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीबाहेरचे दृश्य इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या शहरात उरकावे लागले, आणि उडण्याची तीच ती दृश्ये पुन्हा वापरली गेली. ‘क्रिश ३’ची गोष्ट उलटी आहे. त्याच्यापाशी पैसा होता, आणि त्यातली दृश्यकरामत भारतातच, मुंबईच्या रेड चिलीजमध्ये झाली. ती त्या काळाच्या मानाने चांगली वठली आहे. तेव्हा खोट आख्यानात शोधायला हवी.

पूर्वरंग आठवू. ‘कोई... मिल गया’मधला रोहित आईच्या पोटात असताना अपघात होतो. त्याचे शरीर वाढते, बुद्धी लहान मुलाचीच राहते. तो लहान पोरांबरोबर वर्गात बसतो, धट्टीकट्टी मुले त्याला छळतात. मग परग्रहावरचा जादू येतो आणि सूर्यप्रकाशातून त्याला शक्ती देतो. चित्रपटाने विचारलेला प्रश्न असा : ज्याच्यात काही कमी आहे, त्याला या जगात जागा आहे का? उत्तर त्याने जरा टाळलेच, कारण रोहितला बरे करूनच त्याने जागा दिली. पण प्रश्न प्रामाणिक होता.

हे मी घरातून सांगू शकतो. माझ्या धाकट्या भावाला गाव ‘भोळा’ म्हणते. भाड्याने आणलेल्या सीडीवर आम्ही तो चित्रपट पाहिला, तेव्हा इतर लोक हसत होते त्या जागी तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सीडी परत द्यायला तो तयार नव्हता.

‘क्रिश’मध्ये शक्ती वारशाने आली. रोहितचा मुलगा कृष्णा जन्मतःच बलवान, त्याच्यात उणे काही नाही. प्रश्न तिथेच मागे पडला. ‘क्रिश ३’मध्ये मात्र तो परत येतो, पण खलनायकाच्या रूपाने. काल हा मानेखाली जवळपास लुळा, चाकाच्या खुर्चीत बसलेला, दोन बोटांच्या इशाऱ्यावर वस्तू हलवणारा बुद्धिमान माणूस. तो माणूस आणि प्राणी यांच्या मिश्रणातून ‘मानवर’ घडवतो, रोग पसरवतो आणि त्याचे औषध विकतो. पुढे उलगडते, की डॉक्टर आर्यने रोहितला कैदेत ठेवले असताना केलेल्या प्रयोगातून, रोहितच्याच जनुकांतून, काल जन्मला. मूल अपंग निघाले म्हणून ते अनाथाश्रमात गेले. म्हणजे काल आणि कृष्णा एका बापाची मुले. एक मायेत वाढला, एक टाकला गेला.

ही कर्णाची गोष्ट आहे. १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ मराठी घराघरांत का पोचली, हे आठवले म्हणजे या धाग्याचे बळ कळते. टाकलेल्या मुलाने आपल्या माणसांसमोर उभे राहून काय मागावे, आणि त्यांनी काय द्यावे, हा आपल्या वाचकाच्या काळजातला प्रश्न आहे. इथे तर बाप रोहित, म्हणजे स्वतः उणेपणा भोगलेला माणूस. त्याच्याइतके या मुलाला कोण समजू शकले असते?

चित्रपट या नात्याला थोडकी मिनिटे देतो. कालला रोहितकडून हवी असते ती अस्थिमज्जा. ती मिळताच तो खुर्चीतून उठतो, लोखंडी कवच चढवतो आणि इमारती कोसळू लागतात. कंगना राणावतने साकारलेली काया ही कालचीच निर्मिती, पण तिला मन बदलायला वाव मिळतो. म्हणजे लेखकांना हे जमत नव्हते असे नाही. कालच्या वाट्याला ते आले नाही, एवढेच. दहा वर्षांपूर्वी ज्या मालिकेने उण्या मुलाला नायक केले, तिनेच त्याच्या उण्या मुलाला राक्षस ठरवून मारले. माझ्या मते निराशेचे मूळ इथे आहे. संकट मोठे केले, पण जुने देणे फेडले नाही.

तो चित्रपट मी भावाला घेऊन जिल्ह्यातल्या एका टॉकीजमध्ये पाहिला. मारामारीत पब्लिक शिट्ट्या वाजवत होते, हा गप्प. परतीच्या एसटीत त्याने विचारले, “भाऊ, त्याले कोनी काहून नाही नेलं घरी?” मला वाटले, रोहितबद्दल विचारतो आहे. तो कालबद्दल विचारत होता.

माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि चित्रपटाजवळही नाही. चौथा भाग हृतिक रोशन दिग्दर्शित करणार, असे २०२५ साली जाहीर झाले आहे. तो आला की आम्ही दोघे जाऊ. भाऊ काय विचारेल, हे मला आताच ठाऊक आहे.