गाडी मिसिंग मारतेय आणि खाली डाग पडतोय? मोबाईल आणि पुठ्ठा वापरून बिघाड असा ओळखा

सकाळी पलूसहून सांगलीला निघालात. गाडी सुरू झाली, पण इंजिन थरथरतंय. भिलवडीच्या पुढे उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला तर पिकअपच नाही, उलट धक्के बसतायत. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागलाय. आता गाडी पुढे न्यायची, परत फिरायचं की टोइंगवाल्याला बोलवायचं? हा निर्णय चुकला तर शेकड्यातलं काम हजारोंवर जातं. म्हणून आज आपण मिसिंग म्हणजे काय, ते मोबाईलवर कसं ओळखायचं आणि गळतीशी त्याचा काय संबंध, हे पाहूया.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा, इंधन आणि ठिणगी वेळेवर एकत्र यावी लागते. इंजिन २००० आरपीएमवर फिरत असताना एक सिलिंडर मिनिटाला १००० वेळा पेटतो. यातले काही स्फोट झालेच नाहीत, तर त्याला मिसफायर म्हणतात. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारते.

गाडीच्या ईसीयूला हे कसं कळतं? प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्टचा वेग किंचित वाढतो. एखाद्या सिलिंडरच्या वेळी तो वाढलाच नाही, तर क्रँक सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू ती चूक मोजून ठेवतो.

आधी दिवा बघा

- दिवा स्थिर आहे: गाडी हळू, जोर न देता जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते.
- दिवा लुकलुकतोय: मिसिंग जास्त आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो वितळू शकतो. हा पार्ट महाग असतो. गाडी बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

मोबाईलवर कोड कसा वाचायचा?

भारतात साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा ओबीडी-२ सॉकेट असतो. त्यात बसणारा ईएलएम ३२७ प्रकारचा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर ऑनलाइन मिळतो. आयफोन असेल तर तो आयफोनला चालतो का, हे घेण्याआधी नक्की बघा. मग टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप टाका, चावी ऑन करा आणि स्कॅन करा.

- पी ०३००: मिसिंग एकाच सिलिंडरला धरून नाही, वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये होतंय.
- पी ०३०१ ते पी ०३०४: शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर.
- पी ०१७१: इंधनाच्या मानाने हवा जास्त जातेय.

पी ०१७१ आणि पी ०३०० एकत्र आले, तर बऱ्याचदा इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढत असतं. विहिरीवरच्या मोटरच्या सक्शन पाइपने हवा धरली की पाणी नीट येत नाही, तसंच हे. रबरी व्हॅक्यूम पाइप फाटलाय का ते बघा.

कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट नक्की काढा. अनेक जण आधी ‘क्लिअर’ दाबतात आणि पुरावाच जातो. आणि काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

कॉइल की प्लग? अदलाबदल करून बघा

कोड फक्त सिलिंडर सांगतो, कोणता पार्ट गेला ते सांगत नाही. समजा पी ०३०२ आला आणि तुमच्या गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन गार झाल्यावर, चावी बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा. कोड पुसा, गाडी चालवा, पुन्हा स्कॅन करा.

- आता पी ०३०१ आला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला. कॉइल बदला.
- पुन्हा पी ०३०२ आला, तर कॉइल बरी आहे. मग असंच प्लग बदलून बघा.
- तरीही दुसराच सिलिंडर राहिला, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायला मेस्त्रीकडेच जा.

सीएनजीवाल्यांसाठी सोपी टेस्ट: पेट्रोलवर टाकून बघा. सीएनजी पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते, म्हणून कमजोर प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर त्रास देते. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, तिथे आधी इंजेक्टर आणि डिझेल फिल्टरकडे बघतात.

आता पुठ्ठ्याची टेस्ट

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवा. पुठ्ठ्यावर बंपरची बाजू कोणती ते लिहा. सकाळी फोटो काढा.

- स्वच्छ पाणी: एसीचं पाणी असतं. काळजी नको.
- तपकिरी-काळं, चिकट: इंजिन ऑइल. डिपस्टिक तपासा.
- हिरवं, गुलाबी किंवा निळं, गोडसर वास: कूलंट.
- फिकट पिवळं, चाकाजवळ: ब्रेक ऑइल असू शकतं. गाडी अजिबात चालवू नका.
- पेट्रोलचा वास: गाडी सुरू करू नका, जवळ विडी-काडी नको.

गळती आणि मिसिंग यांचा संबंध

बऱ्याच इंजिनांत टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं. कॉइलचं रबर खराब होतं, ठिणगी बाजूला पळते आणि मिसिंग सुरू होतं. कॉइल काढताना खालचा भाग ऑइलने ओला दिसला, तर नुसती कॉइल बदलू नका. पॅकिंग बदललं नाही तर नवी कॉइलही जाईल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कूलंट कमी होतंय, पण पुठ्ठ्यावर थेंब नाही. सकाळी सुरू करताना मिसिंग होतं आणि गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहतो. तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी बंद ठेवा. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला तर स्टार्टरही मारू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर कृष्णाकाठाने पाहिलेत. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

“गाडी नीट चालत नाही” एवढंच सांगू नका. कोडचा स्क्रीनशॉट, पुठ्ठ्याचा फोटो, आणि मिसिंग गार इंजिनवर होतं की गरम, पेट्रोलवर की सीएनजीवर, हे सांगा. मेस्त्रीचा वेळ वाचेल आणि अंदाजाने पार्ट बदलायचा तुमचा खर्चही.

तुमच्या गाडीला कोणता कोड आला? कमेंटमध्ये नक्की कळवा आणि ही माहिती गाडीवाल्या मित्रांना शेअर करा!