क्यूबीएसमधील सूक्ष्मनियंत्रक बांधणी मॉड्यूल

क्यूबीएस (उच्चार: क्यूब्ज) ही एक मुक्त स्रोत बांधणी प्रणाली, म्हणजेच बिल्ड सिस्टिम आहे. मूळ आज्ञावलीपासून चालवता येण्याजोगी फाइल तयार करण्याची कामे योग्य क्रमाने पार पाडणे आणि बदल झालेल्या भागांवरच पुन्हा काम करणे हे बांधणी प्रणालीचे कार्य होय. एखाद्या सूक्ष्मनियंत्रकासाठी ही कामे कशी करावीत, हे ज्या भागात नोंदवलेले असते त्यास बांधणी मॉड्यूल म्हणतात.

पार्श्वभूमी

क्यूबीएस २०१२ मध्ये जाहीर झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्यूट कंपनीने तिचा विकास थांबवण्याचा निर्णय घोषित केला. एप्रिल २०१९ मधील १.१३ या आवृत्तीनंतर प्रकल्पाची धुरा स्वयंसेवकांकडे आली. आयएआर, काइल आणि एसडीसीसी या संकलकांचा आधार प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या योगदानातून उभा राहिला.

आवश्यकता

एटीमेगा३२८पी या सूक्ष्मनियंत्रकात ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असते. इतक्या लहान चिपवर संकलक चालू शकत नाही. त्यामुळे आज्ञावली संगणकावर संकलित करून नंतर चिपमध्ये भरली जाते. यास क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. मॉड्यूलमध्ये चिपचे नाव किंवा स्मृतीचा पत्ता चुकल्यास बांधणी कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण होऊ शकते. उपकरण मात्र चालत नाही. असा दोष शोधणे नवशिक्यास विशेष कठीण जाते.

रचना

क्यूबीएसची मॉड्यूले क्यूएमएल या भाषेत लिहिली जातात. प्रत्येक नियमात कोणत्या प्रकारची फाइल घ्यावयाची, कोणती निर्माण करावयाची आणि त्यासाठी कोणती आज्ञा द्यावयाची, हे सांगितलेले असते. आज्ञेचा तपशील जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. उदाहरणार्थ, एव्हीआर-जीसीसीने तयार केलेली ईएलएफ फाइल घेऊन एव्हीआर-ऑब्जकॉपीच्या साहाय्याने तिची हेक्स फाइल बनवणे हा एक स्वतंत्र नियम होऊ शकतो. चिपमध्ये आज्ञावली भरणाऱ्या साधनास बहुधा ही हेक्स फाइल दिली जाते.

योगदानाची प्रक्रिया

योगदानकर्त्यास क्यूट प्रकल्पाच्या गेरिट या परीक्षण प्रणालीत खाते उघडून योगदान करार मान्य करावा लागतो. त्यानंतर गिटद्वारे बदल सादर केला जातो आणि अन्य विकासक तो ओळीओळीने तपासतात. मॉड्यूलसोबत चाचण्या व दस्तऐवज देणे अपेक्षित असते. आयएआर व काइल हे संकलक व्यावसायिक असल्याने ते प्रत्येक परीक्षकाकडे नसतात. म्हणून संकलक उपलब्ध नसल्यास ती चाचणी अपयशी न ठरवता वगळली जाईल, अशी व्यवस्था उपयुक्त ठरते.

मॉड्यूल स्वीकारले गेले तरी काम संपत नाही. संकलकाची नवी आवृत्ती आली की पर्यायांची नावे बदलू शकतात. ज्या योगदानकर्त्याकडे ती चिप आणि तो संकलक असतो, त्याच्या सातत्यावरच मॉड्यूलचे आयुष्य बव्हंशी अवलंबून असते.