गर्भारंभीची संप्रेरके

गर्भ राहिल्याची शंका स्त्रीला येते ती बहुधा पाळी चुकल्यावर. परंतु तिच्या शरीराला ती वार्ता त्यापूर्वीच पोहोचलेली असते. ही वार्ता नेणारे द्रव्य म्हणजे एक संप्रेरक होय. शरीराच्या एका भागात निर्माण होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला कार्यप्रवृत्त करणाऱ्या द्रव्यास संप्रेरक म्हणतात.

फलित बीजांड अंडवाहिनीतून सरकत जाऊन ६ ते १० दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. ज्या पेशींपासून पुढे वार तयार व्हावयाची, त्या पेशी मग ‘एचसीजी’ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. त्याचे कार्य कोणते? बीजांड बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे राहिलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. तो प्रोजेस्टेरोन हे दुसरे संप्रेरक स्रवतो व त्याच्या आधारे गर्भाशयाचे अस्तर टिकते. गर्भ राहिला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो आणि पाळी येते. एचसीजी त्याला सुकू देत नाही. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसे प्रोजेस्टेरोन निर्माण करू लागते.

एचसीजी लघवीतही उतरते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी गर्भवतीची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून, त्यांच्या अंडाशयांतील बदलांवरून गर्भाचे निदान करून दाखविले. उत्तरासाठी काही दिवस थांबावे लागे. आता जबलपूरजवळच्या रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीतील स्त्रीलाही चाचणीपट्टीवर लघवीचे थेंब टाकून काही मिनिटांत उत्तर मिळू शकते. आशा कार्यकर्तींमार्फत अशा पट्ट्या ‘निश्चय’ या नावाने दिल्या जातात.

पट्टी केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. रक्ततपासणी आकडा सांगते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा या बालिकेचा परीक्षानलिका-गर्भधारणेने जन्म झाला. आज अशा उपचारांत गर्भ गर्भाशयात सोडल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी रक्तातील एचसीजी मोजले जाते. आई-वडिलांचा जीव त्या एका आकड्यात गुंतलेला असतो.

परंतु एकटा आकडा फारसे सांगत नाही. शेवटच्या पाळीपासून चौथ्या आठवड्यात एकीच्या रक्तात दर मिलिलिटरला ५० मिली-एकके, तर दुसरीच्या रक्तात ४०० असू शकतात, आणि दोघींचेही गर्भ निरोगी असू शकतात. महत्त्व आहे ते वाढीच्या गतीला. आरंभीच्या आठवड्यांत हे प्रमाण साधारणपणे दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. म्हणून डॉक्टर ४८ तासांच्या अंतराने पुन्हा रक्त तपासतात. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान हे प्रमाण शिखर गाठते व पुढे उतरते. हा उतार म्हणजे विकार नव्हे.

वाढ मंद असेल तर मात्र सावध व्हावे लागते. गर्भ टिकत नसेल, किंवा तो गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडवाहिनीत, रुजला असेल. अंडवाहिनीला गर्भाएवढे ताणता येत नाही. ती फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन आईचा प्राण धोक्यात येतो. अशा गर्भातही एचसीजी कधी कधी नेहमीच्या गतीने वाढते. म्हणून आकड्यांबरोबर सोनोग्राफीही आवश्यक ठरते. ओटीपोटात तीव्र कळ, खांद्यात वेदना, रक्तस्राव किंवा भोवळ, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता गर्भवतीला तत्काळ रुग्णालयात न्यावे.