खालच्या मजल्यावरचं बाथरूम
घर घेताना, मावळात : लेखांक ७

तळेगाव, वडगाव, कामशेत या पट्ट्यात रो-हाऊस पाहायला गेलं की आराखडा बहुतेक ठरलेला दिसतो. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची. लोणावळ्यात तुंगार्ली-वळवणकडच्या बंगल्यांतही रचना तीच, फक्त ऐसपैस. फरक पडतो तो बाथरूमच्या जागेमुळे. काही घरांत ते वर-खाली दोन्हीकडे असतं, काहींत फक्त वर, तर जुन्या बंगल्यांत आणि गावठाणात मागाहून मजला चढवलेल्या घरांत फक्त खाली. घेणारा माणूस गच्चीवरून दिसणारा डोंगर निवांत पाहतो आणि बाथरूमचं दार उघडून लगेच लावून टाकतो. पुढची वीस-तीस वर्षं त्या घरात सुखानं राहता येईल की नाही, हे मात्र डोंगरापेक्षा त्या दारामागच्या जागेवर जास्त अवलंबून असतं.

माझं मत आधीच सांगतो. खाली बाथरूम असलेलंच घर घ्यावं. ते फक्त खालीच असेल, तर वर एक बांधण्याचा खर्च धरूनच भाव ठरवावा. आणि या भागात खालचं बाथरूम भर पावसात पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

सोळा पायऱ्यांचा हिशेब

राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे तीन मीटर उंचीच्या मजल्याला किमान सोळा पायऱ्या. चाळिशीत त्या जाणवत नाहीत. पण घर घेताना बहुतेकांचे आईवडील सत्तरी ओलांडलेले असतात आणि कर्ज फिटेपर्यंत आपणही साठीला टेकतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया, पाय मोडणं, बाळंतपण यांपैकी काहीही झालं की घर आपोआप खालच्या मजल्यापुरतं उरतं. तिथे बाथरूम असेल तर हॉलमध्ये पलंग टाकून महिना-दोन महिने निभावतात. नसेल तर आजारी माणसाला प्रत्येक वेळी जिना चढवावा लागतो, नाहीतर दुसरीकडे हलवावं लागतं.

पाहुण्यांची सोय हा दुसरा फायदा. भुशी धरणावरून किंवा लोहगडावरून चिंब भिजून, चिखलाच्या पायांनी आलेली मंडळी बाजूच्या दारानं थेट बाथरूममध्ये गेली, तर वरची खोली कोरडी राहते.

बाथरूम फक्त खाली असेल, तर हाच जिना उलटा नडतो. झोपायचं वर आणि रात्री उठून यायचं खाली. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, वाऱ्यापावसात वीज जाते आणि अंधाऱ्या, निसरड्या जिन्यावर पाय घसरतो. लहान मूल आणि म्हातारं माणूस दोघांनाही हा धोका रोजचा असतो.

जागेचाही विचार हवा. संडास आणि न्हाणी एकत्र असतील तर संहितेनुसार निदान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट जागा लागते. लहान रो-हाऊसच्या हॉलमधून एवढी जागा गेली की ती जाणवते. म्हणून काही ठिकाणी जिन्याखाली संडास बसवतात. तिथे उभं राहून पाहावं : छत २.१ मीटरपेक्षा खाली असेल, खिडकी नसेल, तर म्हाताऱ्या माणसाला त्या जागेचा उपयोग नाही. चाकाची खुर्ची आत न्यायची वेळ आली तर दार ९० सेंटिमीटर मोकळं लागतं. दार हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलासमोर उघडत असेल तर घरच्यांनाही संकोच होतो. जिन्याच्या बोळात किंवा मागच्या पडवीकडे उघडणारं दार उत्तम.

पाण्याचा जोर

गच्चीवरच्या टाकीतून पाणी जितकं खाली येतं तितका त्याला जोर मिळतो, साधारण दर दहा मीटरला एक किलो. टाकीच्या लगेच खाली असलेल्या वरच्या बाथरूममध्ये शॉवर मंद चालतो, गॅसचा गिझर कधी पेटतच नाही, मग प्रेशर पंप बसवावा लागतो. खालच्या बाथरूमला आणखी तीन मीटरचा जोर फुकट मिळतो.

गरम पाण्याचं मात्र उलट आहे. सोलर गच्चीवर असतो. तिथून खालच्या नळापर्यंत अर्ध्या इंची नळीचं बारा मीटर अंतर असेल, तर नळीत दोनेक लिटर गार पाणी साठलेलं राहतं आणि प्रत्येक आंघोळीआधी ते सोडून द्यावं लागतं. शिवाय जून ते सप्टेंबर लोणावळ्यात ऊन दुर्मीळ. खाली वेगळा लहान गिझर असणं हाच सोपा उपाय.

घराचं सर्वांत खालचं तोंड

आता मुख्य मुद्दा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पूर्वेला तळेगावकडे येईपर्यंत तो खूप कमी होतो. घाटमाथ्याजवळच्या मावळात थोड्या माती-मुरमाखाली काळा पाषाण लागतो. त्यात पाणी मुरत नाही. जुलैत खड्डा खणला की तो पाण्यानं भरतो आणि सेप्टिक टँकपुढचा शोषखड्डाही तसाच भरलेला असतो. टँकमधल्या पाण्याला पुढे जायला वाट नसली की ते मागे फिरतं आणि घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं. ते तोंड म्हणजे खालच्या बाथरूममधली न्हाणीची जाळी. वरच्या मजल्यावर सगळं सुरळीत दिसतं, खाली घाण पाणी वर येतं.

म्हणून टाइल्सच्या रंगाआधी पातळी पाहावी. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच हवं. रस्त्यावर थर चढून तो घराच्या बरोबरीला आला असेल तर सावध व्हावं. बाहेरच्या चेंबरचं झाकण बाथरूमच्या फरशीपेक्षा निदान वीतभर खाली हवं. मग तुंबलं तरी पाणी अंगणात येतं, घरात शिरत नाही. टँक घरापासून लांब असेल तर नळीला उतार पुरतो का ते विचारावं. चाळीसला एक या उतारानं दहा मीटरला पंचवीस सेंटिमीटर खोली लागते आणि पाषाणात ती मिळवायला फोडकाम करावं लागतं. पातळीत तडजोड झालीच असेल, तर पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह चेंबरमध्ये बसवून घ्यावा.

नदीकाठी ही सगळी काळजी अपुरी पडते. इंद्रायणीच्या काठी, मळवलीच्या बाजूला, अलीकडच्या पावसाळ्यांत बंगल्यांच्या आवारात पुराचं पाणी शिरलं आहे. तिथे निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहणं हेच पहिलं काम.

तपासणी कशी करावी

जुलै-ऑगस्टमध्ये, चार दिवस संततधार लागल्यावर घर पुन्हा पाहायला जावं. वरच्या कमोडचा फ्लश सोडावा, त्याच वेळी दुसऱ्यानं खालच्या न्हाणीजवळ उभं राहावं. जाळीतून गुडगुड आवाज आला तर हवेची नळी नाही किंवा लाईन तुंबली आहे. चेंबरचं झाकण उघडून दोन बादल्या पाणी ओतावं आणि ते तटतं की झरझर जातं ते पाहावं. टँक किती जणांसाठी बांधला आणि कधी उपसला, हे विचारावं. भारतीय मानकानुसार लहानात लहान टँकही हजार लिटरचा हवा आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. उपसणारी गाडी टँकपर्यंत पोहोचते का ते पाहावं. माणसाला टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये, कारण आतल्या वायूनं माणसं मरतात. आवारात बोअर असेल तर शोषखड्डा त्यापासून निदान १८ मीटर दूर हवा.

शनिवार-रविवारपुरत्या घराला आणखी एक त्रास होतो. घर उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिलं की ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग दुर्गंधी येते, झुरळं येतात, पावसाच्या तोंडावर गोम आणि विंचूही. जाताना जाळीवर झाकण ठेवावं आणि महिन्यातून एकदा कुणाकडून तरी बादलीभर पाणी ओतून घ्यावं. खिडकी नैर्ऋत्येला असेल तर पाऊस आत झोडपतो. वर छज्जा आणि जोडीला एक्झॉस्ट फॅन नसेल, तर भिंतीवर बुरशी धरलेली दिसेलच.

नवं बाथरूम जोडायचं तर

खाली जोडणं तुलनेनं सोपं. लाईन जवळ असते आणि गळती झाली तरी कुणाच्या छतातून ठिबकत नाही. मात्र ती दिसतही नाही. पाणी जोत्याच्या भरावात मुरत राहतं आणि काही वर्षांनी फरशी खचते. वर जोडताना बाथरूम हॉल किंवा स्वयंपाकघरावर येऊ देऊ नये, खालच्या बाथरूमच्याच डोक्यावर घ्यावं. स्लॅबला वजन पेलेल का, हे इंजिनियरकडून पाहून घ्यावं. प्लंबरचा अंदाज इथे पुरेसा नाही.

कागदही पाहावेत. दाखवलेलं बाथरूम मंजूर नकाशात आहे का? भोगवटा प्रमाणपत्रानंतर जिन्याखाली काढलेला संडास बहुतेकदा नकाशात नसतो. मंजुरी कोणाची, तेही विचारावं. लोणावळा, तळेगाव आणि वडगाव हद्दीत नगरपरिषदा-नगरपंचायत, बाहेर पीएमआरडीए. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचे असतात. बाथरूमची गळती त्यात येते. पहिल्याच पावसाळ्यात ओल दिसली तर फोटो काढून लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगण्यावर थांबू नये.

दोन घरांत निवड करायची वेळ आली, एकाला सुंदर दृश्य आणि दुसऱ्याला खाली कोरडं, उजेडाचं, योग्य पातळीवरचं बाथरूम, तर मी दुसरं घेण्याचा सल्ला देईन. दृश्य पाहायला घराबाहेर पडलं की सगळं मावळ आहे. आईला रात्री जिना चढावा लागू नये, ही सोय मात्र घरातच असावी लागते.

पुढच्या आठवड्यात : गच्चीची गळती आणि पत्र्याची शेड.